गुरगुट्या भात

त्या गुरुवारी घरी पोचायला आठ वाजून गेले होते. चपला काढतानाच आंबेमोहोराचा वास आला. आईने माझं पान वेगळं वाढून ठेवलं होतं. गुरगुट्या भात, मधे खळगा करून साजूक तूप, वर मेतकूट, आणि कडेला लिंबाच्या लोणच्याचा नुसता खार. फोड नाही. बाकीच्यांना भाकरी आणि भरली वांगी होती. "तुला चावायला नको," आई म्हणाली, "पण एका दाताला एवढ्या खेपा घालायला लावतात का रे हल्ली?" मी म्हटलं, "अजून तीन-चार तरी होतील." त्यावर ती काही बोलली नाही. वाटीत उरलेलं तूपही तिने माझ्या भातावर ओतलं आणि मी नीट जेवतो की नाही ते बघत समोर बसून राहिली.

माझ्या दाताला काहीही झालेलं नव्हतं.

सहा आठवडे दर गुरुवारी मी बँकेतून निघून प्रभात रोडच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत जात होतो. तिथे एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाईंसमोर पन्नास मिनिटं बसत होतो. बायकोला माहीत होतं. आईला मात्र रूट कॅनाल चालू आहे असं सांगून ठेवलं होतं. खोटं बोलायचंच तर साधंसं बोलावं, पुढे निस्तरायला सोपं जातं, असा काहीतरी हिशोब मी मनाशी केला होता. त्या भाताने तो मोडला. भात इतका मऊ होता की जीभ टाळूला लावली की विरायचा, आणि तोच माझ्या घशाखाली उतरेना. आईने तो दात दुखणाऱ्या मुलासाठी केला होता. तो मुलगा त्या पानावर नव्हताच. जो बसला होता त्याचंही दुखत होतं, खरोखर दुखत होतं, पण त्याच्यासाठी भात वेगळा लावावा असं काही त्याने तिला सांगितलंच नव्हतं. मी ताट स्वच्छ केलं, आणि हात धुताना नळ बराच वेळ सोडून ठेवला.

खरं का सांगितलं नाही, याचा विचार करताना मला सोमवार पेठेतला आमचा वाडा आठवतो. वाड्यात एक काकू होत्या. त्या चौकातल्या नळापाशी हात धूत बसायच्या. धुऊन झाले की पुसायच्या, पुसले की परत धुवायच्या. हिवाळ्यात त्यांच्या बोटांच्या सांध्यांना चिरा पडून रक्त यायचं, तरी त्या उठायच्या नाहीत. एक दिवस सकाळी लवकर रिक्षा आली आणि काका त्यांना घेऊन गेले. आम्हा मुलांना सांगण्यात आलं, काकू माहेरी गेल्यात. मोठी माणसं आपापसात आवाज खाली करून जो शब्द म्हणायची तो "येरवडा". महाराष्ट्रात सरकारची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. पुण्यात आमच्या लहानपणी "याला येरवड्याला न्या" ही शिवी होती, आणि मुंबईच्या मावसभावांकडे तीच शिवी ठाण्याच्या नावाने होती. काकू दोन महिन्यांनी परत आल्या, बऱ्याच बऱ्या होऊन आल्या. पण त्यांना कुणीही "कशा आहात" म्हणून विचारलं नाही. विचारायची सोयच ठेवलेली नव्हती, कारण त्या माहेरी गेल्या होत्या. त्यांच्या चिरलेल्या बोटांना कैलास जीवन लावून देणारी माझी आईच होती. तेवढं तिला जमलं, कारण ते बोटांचं दुखणं होतं. चाळीस वर्षांनी मी तिला तसंच एक दुखणं पुढे केलं, दिसेल, समजेल, काही करता येईल असं. दाताचं.

माझंही सगळं शरीरापासूनच सुरू झालं होतं. मागच्या नोव्हेंबरमध्ये बँकेत, भर दुपारी, छातीवर कुणीतरी गुडघा रोवावा तसं झालं. डाव्या हाताची बोटं मुंग्या येऊन वाकडी झाली, घाम फुटला, आणि आता आपण जाणार याची मला पूर्ण खात्री पटली. सहकाऱ्यांनी रिक्षात घालून हॉस्पिटलमध्ये नेलं. ईसीजी ठीक, रक्ताची तपासणी ठीक, दुसऱ्या दिवशी टूडी एको ठीक, आठवड्याने ट्रेडमिल टेस्टही ठीक. तरी महिन्याभरात अजून दोनदा तेच झालं, एकदा म्हात्रे पुलावर स्कूटर चालवताना. रोज रात्री तीनच्या सुमाराला जाग यायला लागली. मी हॉलमध्ये येरझाऱ्या घालायचो. दिवा लावायचो नाही, आईच्या खोलीच्या दाराखालून उजेड जाईल म्हणून. अंधारात सोफ्याचा कोपरा, टीपॉय, देवघराचा उंबरठा सगळं पायांना पाठ झालं होतं. फिजिशियननी तिसऱ्या खेपेला फाइल मिटली आणि विचारलं, "हृदय ठणठणीत आहे तुमचं. घरात काही झालंय का वर्ष-दोन वर्षांत?" मी म्हटलं, वडील गेले, पण त्याला आता दीड वर्ष होईल. ते म्हणाले, "नीट शिकलेल्या माणसाशी जाऊन बोला. माझ्या औषधाचं हे काम नाही."

नीट शिकलेलं कोण, हे शोधण्यात माझा बराच वेळ गेला, म्हणून तेवढं सांगतो. सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात शिकलेले डॉक्टर, ते औषध लिहून देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत, बोलण्यातून उपचार करतात, आणि त्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असावी लागते. समुपदेशक किंवा काउन्सेलर या नावाखाली मात्र फार चांगले शिकलेले लोकही असतात आणि चार शनिवार-रविवारचा कोर्स केलेलेही असतात. मी बँकेत माणूस आहे, समोरच्याचा कागद बघितल्याशिवाय पुढे जात नाही. तरी पहिल्या वेळी मी काहीच बघितलं नाही. एका जाहिरातीवरून एकाकडे गेलो. विसाव्या मिनिटाला ते गृहस्थ म्हणाले, "तुमच्यापेक्षा कितीतरी वाईट परिस्थितीत लोक हसत जगतात," आणि बारा सेशनचं पॅकेज एकदम भरलं तर किती सवलत मिळेल ते सांगायला लागले. बाहेर पडलो तेव्हा दुखण्यावर लाजही चढली होती. त्यानंतर महिनाभर मी कुणाकडे गेलो नाही. तो महिना वाया गेला याचं मला आजही वाईट वाटतं, कारण चूक माझ्या मनाची नव्हती, माणूस चुकीचा निवडला गेला होता, आणि दुसरा निवडायला मला कुणी अडवलेलं नव्हतं.

या बाईंचा नोंदणी क्रमांक मी आधी तपासला. मग फोन केला. त्या दहा-बारा मिनिटं बोलल्या. काय त्रास होतो, कधीपासून, औषधं कुठली चालू आहेत, आणि मग एक प्रश्न ज्याची मला अपेक्षा नव्हती: "मराठीत बोलायला आवडेल की इंग्रजीत?" मी म्हटलं, मराठीत. तेव्हा तो प्रश्न साधा वाटला. नंतर कळलं की माझ्याजवळ इंग्रजी शब्द होते ते सगळे वाचलेले होते, स्ट्रेस, अ‍ॅन्झायटी, बर्नआउट. ते उच्चारले की वाक्य तिथेच संपायचं. मराठीत बोलायला लागलो की शब्द आपसूक शरीराकडे वळायचे. छातीत धस्स झालं. पोटात गोळा आला. जीव टांगणीला लागला. आतून गलबललं. बाई त्या शब्दांना दुसरं काही नाव द्यायच्या नाहीत. त्या विचारायच्या, "धस्स झालं म्हणजे नेमकं कुठे? मग ते खाली उतरतं की तिथेच थांबतं?" आणि मला उत्तर देता यायचं.

खोलीबद्दल माझ्या डोक्यात सिनेमातलं चित्र होतं, लांबलचक कोच, त्यावर आडवा पडलेला माणूस. तसं काही नव्हतं. दोन वेताच्या खुर्च्या, अगदी समोरासमोर नाहीत, जराशा तिरक्या, म्हणजे नजर चुकवायची झाली तर खिडकीकडे जाते. खिडकीबाहेर आंब्याचं झाड, फेब्रुवारीत मोहोराने जड झालेलं. शेजारच्या फ्लॅटमध्ये साडेसहाला कुकर लागायचा, त्याच्या तीन शिट्ट्या माझ्या सेशनमध्ये रोजच्याच झाल्या. टीपॉयवर टिश्यूपेपरचा डबा आणि पाण्याचं भांडं. घड्याळ माझ्या पाठीमागच्या भिंतीवर, त्यांना दिसेल असं. वेळ सांभाळण्याची जबाबदारी माझी नाही हे मला तीन-चार आठवड्यांनी उमगलं, आणि खांदे जरा सैल पडले.

पहिल्या दिवशी आधी कागद आले. मी दिवसभर लोकांना फॉर्म देतो आणि "इथे, इथे आणि इथे सही करा" म्हणतो. बाईंनी संमतिपत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "पूर्ण वाचा, मी थांबते." त्यात लिहिलं होतं की इथे बोललेलं बाहेर जाणार नाही. त्याला अपवाद कुठले तेही लिहिलं होतं: माझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला तर, लहान मुलाच्या लैंगिक छळाची गोष्ट पुढे आली तर, किंवा न्यायालयाने मागितलं तर. गोपनीयता हा रुग्णाचा कायद्याने दिलेला हक्क आहे, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात तो आहे, आणि तो कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे, हे त्यांनीच सांगितलं. फी पंधराशे रुपये, वेळ रद्द करायची तर चोवीस तास आधी कळवायची, नाहीतर फी द्यावी लागेल. एकेक ओळ वाचून मी सही केली. इतक्या वर्षांत मी माझ्या ग्राहकांना असं वाचू दिलं नव्हतं, याची मला त्या खुर्चीत बसून लाज वाटली.

मग नऊ प्रश्नांचा एक कागद. मागच्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, आणि पुढे चार रकाने: अजिबात नाही, काही दिवस, अर्ध्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. झोप, भूक, थकवा, कशातच मन न लागणं. आठ प्रश्न मी भराभर सोडवले. नववा प्रश्न असा होता की आपण मेलेलं बरं, किंवा स्वतःला काही इजा करावी, असे विचार आले का. माझं पेन तिथे थांबलं. खिडकीतून कुणीतरी स्कूटरला किक मारत असल्याचा आवाज येत होता, ती सुरू होत नव्हती, आणि ती सुरू होईपर्यंत आपण थांबू असं मी ठरवलं. पुलावर त्या दिवशी धाप लागली होती तेव्हा मनात आलं होतं की आत्ता सगळं संपलं तर निदान दमणूक तरी संपेल. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. स्कूटर सुरू झाली आणि मी "काही दिवस" या रकान्यात खूण केली.

बाईंनी कागद बघितला. मला वाटलं होतं त्यांचा चेहरा बदलेल, त्या फोन उचलतील. त्यांनी अगदी सरळ विचारलं, "मरणाचा विचार येतो म्हणालात. काही करायचं असं मनात ठरवलंय का? कसं, कधी?" मी म्हटलं, नाही, तसं काही नाही. "यापूर्वी कधी?" नाही. मग आम्ही दोघांनी मिळून एका कागदावर लिहिलं, रात्री तीनला ते फार वाटायला लागलं तर काय करायचं. बायकोला उठवायचं. एका मित्राचं नाव. आणि टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, 14416, केंद्र सरकारने 2022 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू केलेला, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. तो कागद अजून माझ्या पाकिटात आहे. तो प्रश्न इतक्या साध्या आवाजात विचारला गेला, "ताप येतो का" विचारावं तसा, याने मला किती बरं वाटलं ते मला सांगता येणार नाही. जी गोष्ट मी अंधारात फिरवत होतो ती कुणीतरी टेबलावर ठेवून तिच्याकडे बघितली होती, आणि आम्ही दोघंही जागेवर होतो.

पहिली दोन-तीन सेशन माझी निराशा झाली हेही सांगायला हवं. बाई सल्ला देत नव्हत्या. मी पंधराशे रुपये भरून उत्तराची वाट बघायचो आणि त्या प्रश्न विचारायच्या. मधे शांतता पडायची आणि त्या ती मोडायच्या नाहीत. आपल्याकडे शांतता पडली की कुणीतरी "चहा टाकू का?" म्हणतं. इथे कुणी म्हणत नव्हतं. शिकवलं ते एवढंच, की छातीत जे होतं ते शरीराने दिलेली खोटी हाक आहे. अ‍ॅड्रेनलिन सुटतं, श्वास भराभर चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून बोटांना मुंग्या येतात आणि डोकं हलकं होतं. ती लाट काही मिनिटांत टोकाला जाते आणि ओसरते. श्वास बाहेर सोडायला आत घेण्यापेक्षा जास्त वेळ द्यायचा. एक वही करायला सांगितली: काय घडलं, त्या क्षणी मनात कुठला विचार आला, काय वाटलं, शंभरपैकी किती, आणि मग त्या विचाराच्या बाजूने पुरावा काय, विरुद्ध काय. अमेरिकेत अ‍ॅरन बेक यांनी साठच्या दशकात मांडलेल्या उपचारातलं हे काम. त्याआधी 1955 च्या सुमाराला अल्बर्ट एलिस यांनी याच वाटेने जाणारी पद्धत सुरू केली होती, तिला आपल्याकडे विवेकनिष्ठ असं सुंदर नाव मिळालं. जमाखर्चाच्या माणसाला ही वही मानवली. पण खरं काम वहीत झालं नाही.

चौथ्या गुरुवारी बाईंनी पुन्हा त्या नोव्हेंबरच्या दुपारबद्दल विचारलं. मी ती गोष्ट एव्हाना पाच डॉक्टरांना सांगितली होती, तोंडपाठ होती. छाती, हात, घाम, रिक्षा. त्या म्हणाल्या, "त्या वेळी तुमच्यासमोर कोण बसलं होतं?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं.

नोव्हेंबर म्हणजे बँकेत हयातीच्या दाखल्याचा महिना. पेन्शनर येतात, यादीत आपल्या नावासमोर सही करतात, आपण जिवंत आहोत असं सांगून जातात. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचं पेन्शन आमच्याच शाखेत. दर नोव्हेंबरला ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, खिशाला स्वतःचं पेन लावून यायचे, ओळीत उभे राहायचे, माझ्यासाठी कुणी पुढे सोडलं तर जायचे नाहीत. टेबलापाशी आले की मला "साहेब" म्हणायचे. मी यादी फिरवून त्यांच्याकडे करायचो, ते चष्मा सारखा करून सही करायचे. घरी रोज भेटणारा माणूस वर्षातून एकदा माझ्यासमोर बसून मला सांगायचा की मी आहे. ते जूनमध्ये गेले. त्यांचं खातं बंद करायचा अर्ज माझ्याच शाखेत आला, तो मीच पुढे पाठवला, कोरड्या डोळ्यांनी. त्या वर्षीच्या नोव्हेंबरला मी कर्ज विभागात होतो. मागच्या वर्षी पेन्शनच्या टेबलावरचा सहकारी रजेवर गेला आणि मला तिथे बसवलं. समोर एक आजोबा होते. मी यादीवरून बोट खाली आणत त्यांचं नाव शोधत होतो. वाटेत ती दोन नावं आली ज्यांच्या मधे बाबांचं नाव असायचं. आता ती एकाखाली एक होती. मधे रिकामी जागासुद्धा नव्हती. अनुक्रमांक बरोबर होते, छापील ओळ सरळ होती, आणि माझं बोट एकावरून दुसऱ्यावर गेलं.

हे मी त्या खोलीत सांगितलं तेव्हा शेजारचा कुकर लागला होता. दुसऱ्या शिट्टीला माझा आवाज गेला. बाबा गेले तेव्हा मी रडलो नव्हतो. आईला सांभाळायचं होतं, दहावं-तेरावं होतं, पुण्याबाहेरून आलेली माणसं होती, मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद. बाईंनी टिश्यूचा डबा पुढे केला नाही, तो हाताशी होताच. त्या नुसत्या बसून राहिल्या. निघताना म्हणाल्या, "आज घरी हळू जा. दमल्यासारखं वाटेल." मला दोन मजले उतरणंही जड गेलं. खाली स्कूटरवर बसून राहिलो, चावी हातात तशीच.

त्यानंतरचे दोन आठवडे आधीपेक्षा वाईट गेले. मोकळं वाटेल असं सगळे म्हणतात. मला सोलून निघाल्यासारखं वाटत होतं. लिफ्टमध्ये कुणाचा इस्त्रीचा शर्ट दिसला तरी डोळे भरायचे. बाईंचा राग आला, दीड वर्ष झाकून ठेवलेलं त्यांनी उकरलं म्हणून. एका गुरुवारी दुपारी तीनला "आज जमणार नाही" असा मेसेज टाकला, बँकेतच बसून राहिलो, आणि चोवीस तासांच्या नियमाप्रमाणे फी भरली. पुढच्या खेपेला हे सगळं त्यांना जसंच्या तसं सांगितलं. तुमचा राग आला होता, असं तोंडावर. आयुष्यात मोठ्या माणसांना मी असं कधी बोललो नव्हतो. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "सांगितलंत हे बरं केलंत. मी घाई केली असं वाटलं का?" त्या प्रश्नात दुखावलेपण नव्हतं. राग आलेला सांगूनही माणूस समोर बसून राहतो, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळत होतं.

पैशांचं ओझं मात्र होतंच आणि आहे. महिन्याचे सहा हजार. आरोग्य विम्याने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच वागवावं असं कायदा म्हणतो, पण माझी पॉलिसी हॉस्पिटलमध्ये दाखल झाल्यावरच्या खर्चाची आहे, गुरुवारच्या पन्नास मिनिटांची नाही. आमच्या शाखेच्या शिपायाची बहीण दोन वर्षं घराबाहेर पडलेली नाही. त्याला मी टेलिमानसचा नंबर दिला, सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीबद्दल सांगितलं. ठाण्याला मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, तशा संस्थांबद्दलही सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, तुम्ही जाता का तिथे?" मी हो म्हटलं. आईच्या आधी मी हे शिपायाला सांगितलं, हे त्या रात्री मला टोचत राहिलं.

भाताची गोष्ट मी बाईंना सातव्या गुरुवारी सांगितली. आईला सांगा, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "तो भात जेवताना तुम्हाला काय हवं होतं?" मला उत्तर आलं नाही. परतताना म्हात्रे पुलावर आलं. मला तो भात हवाच होता. फक्त खऱ्या कारणासाठी हवा होता.

रविवारी आई हॉलमध्ये मटार सोलत बसली होती. मी समोर बसलो, थोड्या शेंगा पुढ्यात ओढल्या आणि सांगितलं. दात नाही गं, आई. बाबा गेल्यापासून मला बरं नाही, त्यासाठी एका बाईंकडे जातो, बोलायला. तिचे हात थांबले. "म्हणजे डोक्याच्या डॉक्टर?" मी म्हटलं, मनाच्या. बराच वेळ ती काहीच बोलली नाही. मग विचारलं, "माझं काही चुकलं का रे?" मी नाही म्हटलं, दोनदा म्हटलं, पण ते तिच्यापर्यंत पोचलं नाही हे दिसत होतं. तिने सोललेले दाणे पुन्हा निवडायला घेतले. पुढचे तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. सांगून चूक केली असं मला वाटलं, आणि हलकंही वाटलं, दोन्ही एकदम. गुरुवारी घरी आलो तर पानात सगळ्यांसारखीच भाकरी होती. दात बरा होता, भाताचं कारण उरलं नव्हतं. भाकरी मोडताना घशाशी काहीतरी आलं.

जेवण झाल्यावर आई भांडी पालथी घालत होती. माझ्याकडे पाठ होती. म्हणाली, "तुझे बाबापण उठायचे रात्री. धरणावर असताना, तू दुसरीत-तिसरीत असशील. क्वार्टरच्या मागच्या ओसरीत फेऱ्या मारायचे. मी जागी असायची. डोळे मिटून पडून राहायची, त्यांना अवघडल्यासारखं नको म्हणून." मी विचारलं, कधी विचारलं नाहीस त्यांना? ती म्हणाली, "काय विचारायचं तेच कळायचं नाही." मग तिने ओट्यावरून फडकं फिरवलं, दिवा घालवला आणि झोपायला गेली.

त्या रात्री मला तीन वाजून दहा मिनिटांनी जाग आली. छाती वाजत होती, फार नाही, शंभरपैकी चाळीस. श्वास सावकाश सोडत मी हॉलमध्ये आलो. आईच्या दाराखाली अंधार होता. सवयीने सोफ्याच्या कोपऱ्याला वळसा घातला, मग थांबलो, आणि भिंतीवर हात फिरवून दिवा लावला. उजेड दाराखालून आत गेला असणार. आतून कॉट करकरली.

"उठलास का रे?"

"हो."

"थांब, मी येते."